आठ हजार नंबरचा दगड

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परत तेच! गुणवंतराव बसले ते खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून. डोळे टक्क उघडे, आरशातून माझ्या हातावर. बाबांच्या हाताखाली हाच माणूस घोरायचा! अर्धी दाढी होते न होते तोच घोरणं सुरू, बाकावर बसलेली माणसं हसायची. मी किती जपून केली. वस्तरा फिरवला की दर वेळी विचारत होते — "लागते का भाऊ?" "नाई, नाई." नाई म्हणताना गळ्याची घाटी वरखाली.

जाताना बाबांना म्हणाले, "गोविंदा, तुह्या हातची मजा नाई राह्यली गा." लकव्यानं बाबांचा उजवा हात गेला तेव्हापासून ते तसेही कमी बोलतात. पण त्यांनी दुकानाच्या शटरवर कागद चिकटवलाय — 'दुकान भाड्याने देणे आहे'. मोबाईल रिपेअरिंगवाला माप घेऊन गेला. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आहे. बाबा म्हणतात, "गुणवंतभाऊ जमले तं बाकीचे म्हातारे येतीन. नाई तं पोरीच्या हाती गळा कोन देते?"

८ नोव्हेंबर

दोष दगडाचा आहे. बाकी सगळ्यांना आम्ही नवीन ब्लेड लावतो. पण गुणवंतरावांना त्यांचा स्वतःचा वस्तराच लागतो, तो आमच्याच पेटीत असतो, आणि तो दगडावर पाजवावा लागतो. बाबांचा दगड घासून घासून मधे खोलगट झालाय. पातं सपाट टेकतच नाही. नवा, बारीक दगड हवा.

११ नोव्हेंबर

आलापल्लीला जाऊन आले. जलालुद्दीनभाईंच्या हार्डवेअरमध्ये बारीक दगड मागितला, तर त्यांनी विळ्याचा काढून दिला. "यापेक्षा बारीक नाई येत, बाई. याच्यावर कुऱ्हाड बी चमकते." मला दाढी करायची आहे, साग नाही तोडायचा!

मोबाईलवर बघितलं. एक हजार, तीन हजार, आठ हजार, बारा हजार — जेवढा नंबर मोठा तेवढा दगड बारीक म्हणे. खाली लोकांची भांडणं. एक म्हणतो तीन हजार पुरे, दुसरा म्हणतो आठ हजाराशिवाय वस्तऱ्याला हात लावणं पाप. डोकं उठलं. आठ हजार मागवला. आमच्या एटापल्लीला पोचवत नाहीत! शेवटी जलालुद्दीनभाईंच्या दुकानाचा पत्ता दिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दगड आला नाही. गुणवंतराव मात्र आले. खुर्चीचे हात धरले. डोळे उघडे. लागते का — नाई. लागते का — नाई.

१८ नोव्हेंबर

आला एकदाचा. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. दुकानात पाजवायची सोय नाही. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ ओल्या दगडावर बसते आणि एक कण मधे आला तरी धार गेली. घरात दार लावून बसले, तर बाबा मागे उभे. हलका हात, हलका, पातं उचलू नको, पाणी टाक... मीच करू राह्यली ना, म्हटलं!

मग त्यांनी डाव्या हातानं वस्तरा घेतला आणि दंडावरचा केस उडवून पाहिला. उडाला. "धार लागली," म्हणाले. एवढंच. कितीतरी दिवसांनी मला काही बरं म्हणाले. रडू आलं, तोंड धुवायला गेले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अशी धार की पातं गालावर आहे हे कळू नये! आणि गुणवंतराव? हात धरलेलेच, डोळे उघडेच. गालावर विचारलं, हनुवटीखाली विचारलं, गळ्यावर तर दोनदा विचारलं. नाई, नाई. अहो, लागत नाही तर मिटा ना डोळे!

आता काय, बारा हजारचा आणू? बाबा म्हणाले, "दगडाच्या मांगं नको लागू आता." मोबाईलवाला परत आला होता. काउंटर कुठं मांडायचा ते बघत होता. माझ्या खुर्चीवर बसून.

२७ नोव्हेंबर

उद्या शेवटचा शुक्रवार. वस्तरा पाजवला नाही. त्या दगडाचं तोंड बघायची इच्छा नाही. जे होईल ते होवो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गुणवंतराव बसले. वस्तरा नुसता चामड्याच्या पट्ट्यावर ओढला. लागते का विचारलं नाही, दुकानच जाणार तर कशाला विचारू? मान मागे केली, हनुवटी धरली आणि रागारागात कामाला लागले. मी डाव्या गालावर होते तेव्हा त्यांची बोटं खुर्चीवरून सुटली. मी घाबरले. चक्कर आली की काय म्हणून वाकून पाहिलं.

घोरत होते.

उठल्यावर गालावरून हात फिरवत म्हणाले, "घडीघडी लागते का, लागते का विचारत होती तू. मले वाटे, इचाच भरोसा नाई आपल्या हातावर, तं म्या कसा ठेवू?"

बाहेर खरखर आवाज येत होता. बाबा डाव्या हातानं शटरवरचा कागद खरवडत होते.