चालू घड्याळ

प्लिमथ, मे १९४१

प्रिय सिरिल,

हे पत्र टाकायला तुझा पत्ताच नाही. बोट बुडाली आणि तू बेपत्ता आहेस, एवढंच आरमाराने कळवलंय. तरी लिहिते.

मंगळवारी आपल्या परसात बॉम्ब पडला, पण फुटला नाही. तो निकामी करायला प्रोथेरो नावाचा लेफ्टनंट आला. बॉम्बच्या आतलं घड्याळ चालू आहे का, ते त्याला डॉक्टरांच्या नळीने ऐकायचं होतं. म्हणाला, "मावशी, घरातलं घड्याळ बंद करा. त्याची टिकटिक मध्ये येतेय."

म्हटलं, "बॉम्ब तुझा, घड्याळ माझं. आमच्यात घरातलं माणूस गेलं तरच घड्याळ थांबवतात. माझा मुलगा बेपत्ता आहे, गेलेला नाही."

त्याने वाद घातला नाही. "मग चालू घड्याळ घेऊन निघा, पण आत्ताच्या आत्ता!"

ते कडेवर घेऊन मी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन बसले. शेजारची मिसेस गॉडली म्हणाली, "लोक दागिने आणतात, हिने धूड आणलंय!"

संध्याकाळी प्रोथेरोनेच ते उचलून घरी आणलं, जागेवर ठेवलं. चहा प्यायला. कांद्याचा वाफा तुडवला म्हणून माफी मागितली.

शुक्रवारी पलीकडच्या गल्लीत दुसरा बॉम्ब काढताना तो गेला. इथे त्याचं कोणीच नव्हतं. म्हणून मी घड्याळ तासभर थांबवलं, मग काटे पुढे सरकवून पुन्हा चालू केलं.

ते त्याच्यासाठी होतं, सिरिल. तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

तुझी आई