क्लिफर्डच्या भोपळ्याचा खून

३ सप्टेंबर, रविवार

‘इन्स्पेक्टर पेनीफोल्ड’चं शेवटचं पर्व आज सुरू झालं. यानंतर मालिका बंद. चोवीस वर्षं पानगळ आली की रविवारी आठ वाजता कुठल्या ना कुठल्या गावात मुडदा पडायचा, आणि मी, माझी बायको मॉरीन आणि शेजारचा क्लिफर्ड आमच्या सोफ्यावर बसून तो निस्तरायचो. त्याची बायको विनी वारल्यापासून क्लिफर्ड रविवारी जेवायलाच येतो. येताना आल्याच्या बिस्किटांचा डबा आणतो. सोफ्याचं डावं टोक त्याचं.

आजचा खुनी पहिल्या जाहिरातीतच ओळखला. डॉक्टर. निघाली चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. पण डॉक्टरचंही वागणं काही धड नव्हतं, म्हणजे माझी दिशा बरोबर होती. मॉरीनने विणता विणता ऑर्गनवालीचं नाव घेतलं होतं, पण तो तुक्का. भाग संपल्यावर क्लिफर्डने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. माझ्या विश्लेषणाची कदर या गावात त्या एकट्यालाच आहे.

संकल्प: या पर्वात एकही अंदाज चुकवायचा नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

क्लिफर्ड उद्या आठवडाभर बहिणीकडे, स्कारबरोला. भोपळा माझ्या हवाली. हा भोपळा म्हणजे साधं प्रकरण नाही. विनी दरवर्षी बी राखायची, त्याच बियांचा हा वंश. रात्री त्याच्यावर विनीची जुनी रजई पांघरलेली असते. महिनाअखेरच्या गावच्या प्रदर्शनात यंदा तोच पहिला येणार याबद्दल कोणाचंही दुमत नाही. पाणी कसं घालायचं ते क्लिफर्डने बराच वेळ समजावलं. पानांवर नको, मुळाशी घाल, एवढं ऐकलं. बाकीचं मला कळतं.

दुपारी आमच्या फरशीच्या वाटेतलं गवत मारलं. बाटलीवर लिहिलंय त्याहून तणनाशक झारीत जरा कडक कालवलं. कंपन्या उगाच भित्र्या असतात. झारीच्या दांड्याला मॉरीनने लाल लोकर गुंडाळून ठेवली होती. हल्ली गावात बऱ्याच घरी एखाद्या झारीला अशी लोकर दिसते, फॅशन असणार. बागप्रेमी मंडळाच्या सभेत लोकरीबद्दल काहीतरी ठरलं म्हणे, पण त्या संध्याकाळी पेनीफोल्डचा जुना भाग लागला होता. बोटांत अडकत होती म्हणून कापून टाकली.

९ सप्टेंबर, शनिवार

क्लिफर्ड सकाळी गेला. त्याची झारी गळकी. माझी नेली. मुळाशी व्यवस्थित पाणी घातलं. थोडं बोललोही भोपळ्याशी. प्रतिसाद चांगला वाटला.

१३ सप्टेंबर, बुधवार

पानं जरा पिवळी पडलीत. पानगळीचे दिवस, चालायचंच. तरी धोका नको म्हणून आजपासून दुप्पट पाणी.

१६ सप्टेंबर, शनिवार

भयंकर. क्लिफर्ड परतला तर वेल झोपलेला. पानं काळी पडून गुंडाळलेली, भोपळा एका बाजूने बसलेला. परवापासून अंधार लवकर पडतो म्हणून मी नुसतं पाणी ओतून येत होतो, नीट पाहिलंच नाही. क्लिफर्ड कितीतरी वेळ उभा होता. मग रजईची घडी घातली. मग कुंपणाला टेकवलेल्या माझ्या झारीकडे पाहिलं. मग मला म्हणाला, पाणी घातल्याबद्दल आभारी आहे, माल्कम. आणि आत गेला.

अशा प्रसंगीही आभार. माणूस म्हणून मोठाच.

१७ सप्टेंबर, रविवार

क्लिफर्ड आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियातून उठला तेव्हाही ब्लँकेट लपेटून आला होता. सोफ्याचं डावं टोक रिकामंच राहिलं. मी खुनी म्हणून वकिलाचं नाव घेतलं, निघाला मदतीला धावणारा शेजारी. मॉरीन म्हणाली, सारखा पुढे पुढे करतो ना, तोच असतो. आणि माझ्याकडे पाहत बसली. मला कळलं. तिला म्हणायचंय, माल्कम, तू पुढे हो.

निश्चय. भोपळा आपोआप मेलेला नाही. प्रदर्शनाच्या तोंडावर कोणीतरी मारला. खुनी मी शोधणार, आणि शेवटच्या भागाला क्लिफर्ड त्याच्या जागेवर असणार. त्याच्याशिवाय तो भाग मला बघायचाच नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

घटनास्थळाची पाहणी. पेनीफोल्डसारखा गुडघ्यांवर बसून माती हुंगली. तणनाशक. म्हणजे विषप्रयोग. आमच्या फरशीला येतो अगदी तोच वास, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. वाफ्यात बुटांचे ठसे: नऊ नंबर, उजवी टाच झिजलेली. माझाही नंबर नऊच, त्यामुळे खुन्याची अंगकाठी लगेच डोळ्यांपुढे आली. उंच, रुबाबदार.

गुडघ्यांवरून उठवेना. क्लिफर्डने हात देऊन उठवलं. म्हणाला, राहू दे रे माल्कम, झालं ते झालं. मी म्हणालो, गुन्हेगार सापडल्याशिवाय थांबणार नाही. तो तोंडावर हात धरून झटकन घरात गेला. पाठ हलत होती. हुंदका आवरला नसणार.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मुख्य संशयित: नेव्हिल बॅगशॉ. गेली पाच वर्षं भोपळ्यात दुसरा. हेतू स्पष्ट. त्याला पबमध्ये गाठून आडून आडून चौकशी केली, म्हणजे सरळ विचारलं की तू नऊ ते सोळा कुठे होतास. म्हणाला, हॉस्पिटलात, गुडघा बदलून घेत होतो. काठी दाखवली. टाकेही दाखवत होता, मी नको म्हणालो. इतकी पक्की साक्ष निष्पाप माणसाकडे कधीच नसते.

मग म्हणाला, माल्कम, तुला खरंच कोणी काही बोललं नाही? मी म्हणालो, ऐकीव गोष्टींवर मी चालत नाही. तो ग्लासाकडे बघत राहिला आणि मग मला बिअर पाजली. अपराधी मन.

२४ सप्टेंबर, रविवार

आजही क्लिफर्ड नाही. मॉरीन त्याच्यासाठी ताट घेऊन गेली ती तासाभराने परत आली. काय बोलत होतात विचारलं तर म्हणाली, भोपळ्याबद्दल. पुढे अवाक्षर नाही. पेनीफोल्डच्या किती भागांत बायकोला सगळं ठाऊक असतं ते आठवलं आणि अंगावर काटा आला. पण मॉरीनचे पाय पाच नंबर. तिचं नाव वगळलं.

रात्री भांडी घासताना तिने विचारलं, झारीची लाल लोकर कुठे गेली? म्हणालो, एवढा मोठा तपास चाललाय आणि तुझं काय लोकरीचं. ती म्हणाली, बरं. तिचं हे ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

आजचा खुनी: मी आचारी म्हणालो. आचारी मेला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

पाद्रीबाई पॅम यांना भेटून शनिवारी प्रदर्शनानंतरच्या सुगीच्या जेवणात दहा मिनिटं मागितली. म्हणालो, सगळे हॉलमध्येच असतील, पेनीफोल्डही नेहमी सगळ्यांना एकत्र बसवूनच नाव घेतो. त्या म्हणाल्या, माल्कम, हे चारचौघांत करायलाच हवं का? आधी मॉरीनशी बोलून पाहता का? म्हणालो, तिला चकित करायचंय. त्या म्हणाल्या, मी प्रार्थना करेन. आभार मानले.

नेव्हिलने स्वतःचा भोपळा प्रदर्शनातून काढून घेतल्याची बातमी. क्लिफर्डचा नसताना माझा कशाला, असं म्हणाला म्हणे. आता तर उघडच झालं.

३० सप्टेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

हॉल भरलेला. क्लिफर्ड मागच्या रांगेत. सूप, पाव आणि सफरचंदाचं पुडिंग उरकल्यावर मी उठलो. पेनीफोल्डसारखे हात पाठीमागे बांधले. म्हणालो, मंडळी, खुनी या खोलीत आहे. सगळ्यांनी ताटात पाहिलं. म्हणालो, खुन्याला भोपळ्यापर्यंत रोजची मोकळीक होती. क्लिफर्ड गावात नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याचे पाय नऊ नंबरचे. कडक तणनाशक तो झारीत कालवून ठेवत असे. आणि नमुना म्हणून टेबलाखालून माझी झारी काढून उंच धरली. म्हणालो, झारी साधारण अशीच असणार.

कोणीतरी खोकलं. पाद्रीबाई हळूच म्हणाल्या, माल्कम, हिची लाल लोकर? म्हणालो, कापली, बोटांत येत होती. त्या म्हणाल्या, जूनपासून आपण सगळे विषाच्या झारीला लाल लोकर बांधतो. चुकून दुसरीकडे वापरली जाऊ नये म्हणून. मॉरीनचीच सूचना होती.

मी नेव्हिलकडे बोट करायला हात उचललेलाच होता. नेव्हिल काठीवर रेलून माझ्याकडे फार मायेने बघत होता. हात तसाच राहिला. मग झारीला नाक लावलं.

सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच. दोन आठवडे. एकाने खुर्ची दिली, एकीने चहा आणला. कोणी हसलं नाही. पाद्रीबाईंनी गाणं सुरू केलं. मी क्लिफर्डकडे पाहिलं तर तो कोट चढवून निघून चालला होता.

१ ऑक्टोबर, रविवार

टीव्ही लावला नाही. मॉरीनला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, तू दुप्पट पाणी घालायला लागलास त्या दिवशी फरशीवरचं गवत जळालेलं दिसलं, आणि तुझ्या हातातल्या झारीला लोकर नव्हती. धावत गेले, तोवर फार उशीर झाला होता. मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, रोज सांगत होते.

चाळिशी, पेनीफोल्डची पुस्तकं आणि भिंग कपाटात टाकलं. मी विनीचा भोपळा मारला. दिवसातून दोन वेळा, न चुकता, मुळाशी.

४ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस कुंपणापर्यंत जाऊन परत आलो. आज दार वाजवलं. चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, क्लिफर्डने दार उघडल्यावर एवढंच निघालं की मीच होतो. तो म्हणाला, माहीत आहे रे, ये आत.

चहा घेताना मला रडू आलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, माझं आवरेपर्यंत. मग म्हणाला, पहिले दोन दिवस तुझ्या नरडीचा घोट घ्यावासा वाटत होता. मग तू माती हुंगलीस. मी म्हणालो, मला वाटलं हुंदका होता. म्हणाला, थोडा तोही होता.

विचारलं, रविवारी का येत नाहीस मग? रागाने? म्हणाला, पहिल्या रविवारी होता, नंतर नाही. पेनीफोल्डने कोणाच्या बागेत झारी जरी उचलली असती तरी माझी नजर तुझ्याकडे गेली असती. मला तोंड सरळ ठेवता येत नाही. तुला कळलं असतं, आणि मग तू कुठे बघणार? विचारलं, पण सरळ सांगायचं नाहीस का? तो दचकला. म्हणाला, असं तोंडावर कसं सांगणार कोणाला, माल्कम?

भोपळा कोवळाच मेला, बी धरलेलं नव्हतं. विनीच्या हातच्या थोड्या बिया स्वयंपाकघरातल्या खणात आहेत. जुन्या आहेत, उगवतील न उगवतील. मी म्हणालो, वसंतात पाणी मी घालीन. तो म्हणाला, नको. मग जरा थांबून म्हणाला, घाल, पण माझ्या झारीने. ती गळते म्हणालो. गळू दे म्हणाला.

८ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा भाग. आठला पाच कमी असताना क्लिफर्ड आला. बिस्किटांचा डबा. डावं टोक. मॉरीनने त्याला जास्तीचा बटाटा वाढला.

ठरवलं होतं की आज खुनी कोण याबद्दल एक शब्द काढायचा नाही. पहिल्या जाहिरातीपर्यंत तोंड मिटून बसलो. पण पुरावे इतके ढळढळीत होते की राहवलं नाही. म्हणालो, माळी. मॉरीन म्हणाली, असेल. क्लिफर्ड म्हणाला, असू शकतो.

माळी नव्हता. पेनीफोल्डने शेवटच्या खुन्याच्या हातात बेड्या घातल्या, टोपी काढली, आणि संपलं सगळं. क्लिफर्डने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

तो डबा इतकी वर्षं नेमका कधी सरकत आलाय ते आज लक्षात आलं. मी दोन बिस्किटं घेतली.