मास्क आणि मधली भिंत

२० सप्टेंबर २०२२

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. सुनेत्राला दाखवीन, पण लग्नानंतर.

डॉक्टरचा रिपोर्ट आला. झोपेत माझा श्वास थांबतो म्हणे. एकदा नाही, रात्रभर. थांबून राहिला अन सुरू होऊन राहिला. मी म्हटलं, फार विचार करणाऱ्याचं होत असेल तसं. डॉक्टर हसले नाहीत. आता रोज रात्री नाकाला मास्क अन मास्कला मशीन. कधीपर्यंत, विचारलं. म्हणाले, झोपाल तोपर्यंत. चोवीस वर्षांच्या माणसाशी हे असं बोलतात. किळस आली.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, म्हणजे कॉलेज या झोपेपायी गेलं. साफ खोटं. कॉलेज मी अपमानापायी सोडलं. सरांनी भर वर्गात डस्टर फेकून मारलं. ते लागलं तेव्हा मी झोपलेला होतो, हा मुद्दा वेगळा. मोबाइलच्या दुकानातली नोकरीही मीच सोडली. काउंटरवर डोकं टेकलं म्हणून ओरडतात, तिथे स्वाभिमानी माणूस राहत नसतो.

महत्त्वाचं. या डॉक्टरचं नाव आईला सुनेत्रानं दिलं. सुनेत्रा म्हणजे बाजूच्या क्वार्टरमधली, चंद्रशेखर काकांची मुलगी. काका अन बाबा एकाच फॅक्टरीत. दोन्ही घरांत भिंत एकच. इकडे माझा पलंग, तिकडे तिची खोली. परक्या माणसाच्या झोपेची इतकी काळजी कोण करतं?

प्लॅन: मशीन लावायचं. झोप सुधारली की नोकरी धरायची. संक्रांतीला काकांपुढे उभं राहून सरळ मागणी घालायची.

२२ सप्टेंबर, पहाटे

पुन्हा टकटक. उन्हाळ्यापासून होऊन राहिलं हे. मी गाढ झोपेत असतो अन मधल्या भिंतीवर टक, टक, टक. जाग येते. मीही बोटानं तशीच परत देतो. पलीकडे एकदम सामसूम. लाजते.

आई म्हणे, रात्री भिंत काहून ठोकतो रे. म्हटलं, डास.

२७ सप्टेंबर

मशीन आलं. डब्याएवढं, त्याला पाण्याची टाकी, टाकीला नळी, नळीला मास्क. नेपियर टाउनचा मशीनवाला घरी येऊन लावून गेला. पहन के देखिए भैया, पायलट लगोगे. आरशात पाहिलं. सोंड लावलेला बैल. बाबा खुर्चीवरून म्हणाले, शोभतंय.

नाकापुरता मास्क. नियम असा की तोंड मिटून झोपायचं. तोंड उघडलं की नाकातून घातलेली सगळी हवा तोंडातून फुर्र बाहेर. मी बोलक्या स्वभावाचा. माझं तोंड मिटत नाही.

दोन वाजता काढून फेकला. थोड्या वेळानं टकटक. बरं वाटलं.

१ ऑक्टोबर

मास्क बदलून आणला. हा छोटा आहे. नाकपुड्यांत रबराची दोन बोंडं खुपसायची. रात्रभर शिंका. सकाळी बोंडांना जे लागलं होतं ते इथे लिहीत नाही. आई म्हणे, स्वतः धू. पोटात हवा भरली ती वेगळीच. दिवसभर ढेकर. आत्या बेबीताई आली होती. म्हणे, याला जाऊ द्या, मी जेवून घेते.

असा मास्क बनवायला काही लागत नाही. सगळी कंपन्यांची लूट.

५ ऑक्टोबर, दसरा

बाबांनी पाना, पेचकस, स्कूटर सगळं पूजेला मांडलं. आईनं त्यात माझं मशीनही ठेवलं. टाकीवर कुंकू, नळीला झेंडूचं फूल. याला शस्त्र म्हणतात म्हणे या घरात.

संध्याकाळी सोनं द्यायला सुनेत्राकडे गेलो. तिनं पान घेतलं अन हळूच विचारलं, मशीन रोज लावतो नं? मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, लावत जा बंडू, प्लीज.

प्लीज.

दाढीकडेही पाहिलं तिनं. जुलैमध्ये म्हणाली होती, अरे, दाढी ठेवली का? तेव्हापासून मी कैची लावलेली नाही.

आता तिसरा मास्क मागवतो. पूर्ण तोंडाचा.

९ ऑक्टोबर

तिसरा मास्क. नाक, तोंड सगळं आत. आतून नव्या टायरसारखा वास. पट्टे इतके आवळले की नाकाच्या हाडावर लाल चट्टा आला. आणि तरी दाढीतून हवा फुटते. फुटते तर फुटते, आवाज कसा करते. आई दाराशी येऊन म्हणाली, ओवा देऊ का?

मध्यरात्री काढला.

सुनेत्राकडे नागपूरचे पाहुणे आहेत. मुलगी पाहायला आलेत. आपल्या लोकांचं हे असंच. जन्म गेला हिंदी मुलखात, पण मुलगा विदर्भातूनच पाहिजे, मग ते येणार, अन आले की मुक्काम ठोकणार. मला राग आला नाही. नुसती कीव आली त्यांची.

१० ऑक्टोबर, सकाळी

रात्री टकटक आली ती काय वर्णावी. एवढ्या आवेगानं तिनं कधीच ठोकलं नव्हतं. घरात पाहुणे झोपलेले असताना. मीही जोरात परत दिली. पुन्हा तिकडून. पुन्हा मी.

सकाळी नागपूरवाले चहा न घेता निघून गेले. डोळे लाल सगळ्यांचे. आई आतून ऐकून आली, नकार आला म्हणे. नकार त्यांचा नाही. नकार कोणाचा ते मला माहीत आहे.

१६ ऑक्टोबर

ग्वारीघाटला गेलो. नर्मदा मैयाला नारळ वाहून पुढचा विचार करायचा म्हणून पायऱ्यांवर बसलो. विचार करता करता डोळा लागला. जाग आली तर एक पंडितजी काठीनं ढोसत होते अन नाववाल्याला सांगत होते, पिए पड़ा है. मी म्हटलं, माझा श्वास थांबतो. ते म्हणाले, सबका थमेगा, बेटा, सीढ़ी छोड़ो. नारळ कोणीतरी नेला.

या शहरात आजारी माणसाला मान नाही.

२१ ऑक्टोबर

मास्क बसला. कसा ते माहीत नाही, डाव्या कुशीवर उशी दाबून झोपलो अन पाच तास बसून राहिला. सकाळी डोकं जड नव्हतं. पेपर पूर्ण वाचला. बाबांनी दोनदा वळून पाहिलं.

पण टकटक आली नाही.

२२ ऑक्टोबर

पुन्हा बसला. टकटक नाही.

दिवसभर बेचैन. मग उलगडलं. तिला कळतं की मी मास्क लावून झोपलो आहे. माझा इलाज मोडू नये म्हणून ती स्वतःला आवरून राहिली. याला त्याग म्हणतात. कॉलेजात शिकवत नाहीत हे.

६ नोव्हेंबर

दिवाळी मास्कशिवायच गेली. बेबीताईकडे मझौलीला मशीन कोण नेणार. कालपासून पुन्हा नियमानं. पण मधल्या काळात दाढी वाढली अन मास्क आता कोणत्याच कुशीवर बसत नाही. रात्रभर तोच ओव्याचा आवाज. चिडून काढला अन भिंतीकडे तोंड करून झोपलो.

तिकडे अमरावतीचे पाहुणे मुक्कामाला. मला फरक पडत नाही.

७ नोव्हेंबर

रात्रभर टकटक. एकदा तर वाटलं लाटणं वापरलं. मीही चप्पल घेतली.

अमरावतीवाले सकाळी सहाच्या गाडीनं गेले. दुसरा नकार. माणसानं कोणासाठी किती करावं याला सीमा असते. सुनेत्राला ती नाही.

आता माझी बाजू कमी पडता कामा नये.

१० नोव्हेंबर

मशीनवाल्याकडे जाऊन भांडलो. तीन मास्क विकलेस, एकही चालत नाही. तो म्हणाला, भैया, मास्क तो ठीक है, बीच में जंगल है. दाढ़ी-मूंछ दोनों हटाओ, तब सील बैठेगी. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी चवथा मास्क न घेता निघून आलो. त्याचं नुकसान.

घरी सांगितलं. दाढी ठीक, आई म्हणे, पण मिशी? बाप समोर बसलेला असताना मुलगा मिशी उतरवतो का? बाबा पेपरमधून म्हणाले, उतरव. मी मेलो असं समज, पण एक रात्र झोपू दे.

सुनेत्राला आवडणारी दाढी. पण त्यागाला उत्तर त्यागानंच द्यायचं असतं.

११ नोव्हेंबर

उतरवली. आरशात एक गोलमटोल अनोळखी पोरगा. त्याला पाहून किळस आली.

किराणावाल्याकडे गेलो तर त्यानं तराजू सोडून हात जोडले. कब शांत हुए पिताजी? बाबा माझ्याच मागे पिशवी घेऊन उभे होते. म्हणाले, अभी टाइम है भैया, पाव किलो चायपत्ती दे दो.

रात्री मास्क असा बसला जसं डब्याला झाकण. एक फुर्र नाही.

१५ नोव्हेंबर

रोज सात तास. दुपारी झोप येत नाही. काल जिना चढलो अन थकलो नाही. गॅस एजन्सीच्या ऑफिसात नोकरीचा अर्ज टाकला. स्वतःच्या मनानं. आई देवाजवळ काहीतरी पुटपुटली.

टकटक पूर्ण बंद. हाल होत असतील तिचे. थोडे दिवस.

संक्रांतीपर्यंत थांबत नाही. या महिन्यातच काकांशी बोलतो.

२० नोव्हेंबर

यवतमाळचे पाहुणे. मुक्काम. मला दया आली. मास्क लावून शांत झोपतो. सकाळी तेही असेच निघतील.

२१ नोव्हेंबर

अजून गेले नाहीत. आई म्हणे, तिकडे पुरणाचा वास येऊन राहिला. गाडी चुकली असेल.

२२ नोव्हेंबर

आज बोलणार होतो. इस्त्रीचा शर्ट घातला, अन काकाच आले. हातात पेढे. सुनेत्राचं जमलं. मुलगा यवतमाळला बँकेत. शनिवारी इथेच साक्षगंध, अंगठ्या अन सगळं.

बाबांना मिठी मारून झाल्यावर काका माझ्याकडे आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, बंडू, हे लग्न तू जमवलं बेटा. मी म्हटलं, मी कसं? ते खुर्चीत बसले अन सगळं सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

पाहुणे बाहेरच्या खोलीत झोपायचे. रात्रभर आतून घरघर. आत कोण, तर घरातली मुलगी. सकाळी नागपूरची बाई सुनेत्राच्या आईला बाजूला घेऊन म्हणाली, पोरगी गुणाची आहे हो, पण घोरते म्हणजे काय घोरते. अमरावतीवाल्यांनी तर डॉक्टरला दाखवा म्हणून सल्ला दिला. काकांनी सांगून पाहिलं की ते बाजूचं पोरगं आहे, भिंतीतून येतं. नागपूरची बाई म्हणाली, भिंत कधी घोरते का? सुनेत्रा दोन दिवस रडली. ती तर उन्हाळ्यापासून मागच्या खोलीत आईजवळच झोपते, काका म्हणाले. भिंतीजवळ मी असतो. ठोकून ठोकून माझी बोटं सुजली, पण तू उठायचा अन पुन्हा सुरू. मग तिनंच तो डॉक्टर शोधला. देव तुझं भलं करो. काल यवतमाळची बाई म्हणाली, किती शांत घर आहे तुमचं.

मग काका थांबले. म्हणाले, एक विचारू? मी ठोकायचो ते समजू शकतो. तू परत काहून ठोकायचा बे?

बाबा माझ्याकडे पाहून राहिले. आई पाहून राहिली. मी पेढा तोंडात टाकला.

पेढा खवट होता.

२३ नोव्हेंबर

सुनेत्रा आली. माझ्याकडे आली, आईकडे नाही. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना तोच आजार निघाला. कोणता मास्क घ्यावा, विचारत होती. तुला सगळं माहीत आहे नं बंडू.

मी नाही म्हणणार होतो. पण मग नाकापुरता कोणाला चालतो, बोंडांनी काय होतं, पट्टे किती आवळायचे, टाकीत साधं पाणी का घालू नये, सगळं सांगितलं. मास्क घालूनही दाखवला. तिनं मन लावून ऐकलं. मधे मधे प्रश्न विचारले. इतका वेळ ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी एकदाही पेंगलो नाही.

जाताना म्हणाली, दाढी काढली ते बरं केलं.

२५ नोव्हेंबर, रात्री

उद्या साक्षगंध. नवरा मुलगा, त्याची आई, मावश्या, सगळे बाजूला मुक्कामाला आलेत. बाहेरच्या खोलीत गाद्या पडल्या.

आता मी चांगुलपणा सोडला. आज मास्क नाही. मशीन कपाटात, कपाटाला कुलूप. पलंग भिंतीला चिकटवला. उताणा झोपणार, उशीशिवाय. डॉक्टर म्हणाले होते, उताणं सगळ्यात वाईट. यवतमाळला ऐकू जाईल असं घोरणार. मग पाहतो कोण कोणाला अंगठी घालतं.

२६ नोव्हेंबर, दुपारी

झोप लागली नाही.

उताणा पडून राहिलो. बारा, एक, दोन. मशीनशिवाय डोळाच मिटेना. नाकाला काही लागलेलं नाही म्हणजे काहीतरी चुकलं आहे असं वाटून राहिलं. जागेपणी घोरून पाहिलं. खोटं घोरणं फार वेळ जमत नाही, घसा दुखतो. पलीकडून काही आलं नाही. चार वाजता कुलूप उघडून मास्क लावला, नुसता थोडा वेळ, विचार करण्यासाठी.

उठलो तेव्हा साडेबारा वाजले होते. घरात कोणी नाही. बाजूला ताटांचा आवाज.

आई मोतीचूर घेऊन आली. म्हणे, दहाचा मुहूर्त होता, तुला उठवायला दोनदा आले. पण लहानपणापासून तुला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं, मग हात लावला नाही.

बाबा मागून आले. म्हणाले, यवतमाळवाले विचारत होते, बाजूच्या क्वार्टरमध्ये कोणी राहत नाही का.