सखू माळिणीच्या नावावरचा उकंडा

उकंडाबोवा, रामराम.

तू माह्या आज्याचा बाप. पण कागदावर तू दोन दिवसाचं लेकरू हायस, म्हून अरे-तुरे करतो.

लिहाचं कारण माही नात पल्लवी. तिले नर्सिंगले जागा भेटली, पण जातपडताळणीले जुना पुरावा पाह्यजे. म्हून तहसिलात तुह्या जन्माची नोंद काढाले गेलतो. बाबूनं गावच्या जन्म-मरणाचं कोतवाल बुक उघडलं, मोडी वाचली. "उकंडा. आई सखू माळीण."

मी म्हटलं, "चष्मा पूस." आमी कुणबी. आमच्यात माळीण कुठून आली?

त्यानं चष्मा पुसला आन तेच वाचलं. तुह्या मरणाच्या नोंदीत मात्र बाप आमचाच, गोविंदा. तवापासून मले तुह्यावरच शंका हाय. कोनाचा तू?

बाहेर एक दलाल चिकटला. "काकाजी, सखूचं नाव गायब करून देतो. कोनाले समजत नाई."

"पहिले तुह्या मायचं नाव गायब कर," म्हटलं, आन एस्टीत बसलो.

घरी नव्वदीची ताराआत्या सुपारी कातरत होती. "एवढंबी मालूम नाई तुले? त्याच्या आधीची तीन लेकरं गेलती. म्हून मायनं याले उकंड्यावर, शेणकचऱ्यात ठेवलं आन शेजारच्या सखूनं उचललं. मरणाले वाटाव, हे या घरचं नाई. पाचव्या दिवशी सूपभर जवारी देऊन परत आनलं."

म्हंजे कोतवाल मधातच येऊन लिहून गेला.

"म्हून तं आपल्या लग्नात पहिली ओटी सखूच्या घरी जाते," आत्या म्हणे.

जाते कुठची? पोराच्या लग्नात मीच बंद केली. कायले हा पसारा, म्हटलं. तवा आत्या बोलली नाई काहून? का बोलली, आन मीच आयकलं नाई?

तरी एक पटत नाई. पाच दिवस पदराखाली ठेवलेलं लेकरू तिनं सुपासाठी देऊन टाकलं? का तू तिचाच होता, आन ही गोष्ट मांगून रचली? तू तं सांगत नाई.

सोमवारी आत्याले घेऊन सायबापुढं बसतो. दोनी कागद ठेवतो, जे आयकलं ते सांगतो. जागा गेली तं? पल्लवीले इचारलं. ते म्हणे, "जाऊ द्या आबा, पण तिचं नाव खोडू नका."

त्याच्या आधी, इतवारी, सुनेले घेऊन सखूच्या घरच्या सुनेची ओटी भराले जातो. तू कोनाचाही निघ.

तुह्या नातवाचा पोरगा,
नामदेव