माघातल्या महालक्ष्म्या

राजापेठ, अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

चि. कुलदीप,

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले, मनातून निघालेले नाहीत. फोन केला की तू "ताई, गाडी चालवतोय" म्हणून मला गप्प करतोस. कागदाला तसं करता येणार नाही.

तुझ्या सहल कंपनीचा व्हिडिओ पाहिला. 'प्राचीन वऱ्हाड : परंपरा आणि आधुनिकता हातात हात घालून.' तेल्हाऱ्याच्या आपल्या घरात पुण्याचे अठरा पाहुणे आणि मधोमध आपल्या महालक्ष्म्या! माघात! भाद्रपदातले तीन दिवस सोडले तर ते मुखवटे पेटीबाहेर येत नाहीत, हे तुला कुणी शिकवायचं? थोरलीच्या जागी धाकटी उभी केलीस. एक बाई तर तिच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढतेय. लाज कशी वाटली नाही रे?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तेल्हारा गाठलं. आईलाही चार शब्द ऐकवायचे होते. ती ओट्यावर बसून शेजारणीला तुझ्या पाहुण्यांचे फोटो दाखवत होती. मी भडकले तशी म्हणाली, "काहून ओरडून राहिली वो? त्यानं पेटी तं उघडली. मले बरं वाटलं. दोन वर्सं झाले, माया लक्ष्म्या अंधारातच होत्या."

मी मुखवटे आवरायला घेतले. ते ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, त्यावर सप्टेंबर २०२२ ची तारीख होती.

आईचे गुडघे गेल्यावर मांडायचं काम मी अंगावर घेतलं होतं. दोन्ही वर्षं तुला फोनवर सांगितलं, "छान झाल्या, सोळा भाज्या केल्या, आंबील केली." पहिल्या वर्षी माझ्या शिकवणीच्या मुलांच्या परीक्षा होत्या. दुसऱ्या वर्षी काहीच नव्हतं. कंटाळा आला, गेले नाही. आईनं मला उघडं पाडलं नाही.

तो कागद तुझ्याही हातात आला असणार. तू वाचलास आणि गप्प बसलास. त्याचाच मला जास्त राग आलाय. भांडला असतास तर मलाही तोंड उघडता आलं असतं.

माफी मी मागणार नाही, तुझीही नको. मुखवटे त्याच कागदात परत गुंडाळलेत. नवा घालायचं धाडस झालं नाही. भाद्रपदात मी चार दिवस आधी जाते. पाहुणे न घेता ये. पेटी तूच उघड, आईदेखत, आणि कागदावरची तारीख मोठ्यानं वाच.

अजूनही चिडलेली,
तुझी खोटारडी ताई,
प्राजक्ता