‘वॉर्डन’ची तांबडी रेघ

पॉपलर, लंडन
३ मे १८७१

चि. अँब्रोज यास केझायाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी ‘वॉर्डन’ गोदीत जाऊन पाहिली. अंग सगळं लोखंडी, त्यावर तोफांचे फिरते बुरूज, आणि वर पुन्हा शिडांच्या उंच डोलकाठ्या कशाला? डेक तर पाण्याला टेकल्यासारखा. मला हे लक्षण बरं दिसत नाही.

तुझे दाजी हल्ली तोंड उघडत नाहीत. काल नखांत तांबडा रंग घेऊन घरी आले. गोदीचा मुकादम कधीपासून ब्रश धरायला लागला? विचारलं तर म्हणाले, तू आपलं ईल माशांचं कालवण बघ. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या बोटीवर बदलीचा अर्ज लिहिलायस, तो देऊन टाक.

तब्येतीला जप, आणि या संशयी बहिणीवर रागावू नकोस.
केझाया

पोर्टस्मथ
२० मे १८७१

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा स्वभाव जायचा नाही. स्वतःच्या लग्नाच्या केकमध्येही तुला शिळी अंडी लागली होती! अगं, बोटीच्या अंगावर पाण्याची रेघ आखतात, रेघेखाली तांबडं, वर काळं. बोटीने बुडायचं ते त्या रेघेपर्यंतच. मी होडीतून फेरी मारून आलो. रेघ पाण्याच्या वर चांगली वीतभर दिसते. दाजींनाही पत्र टाकलं. बोट ठणठणीत आहे, बिनधास्त जा, असं त्यांनी उलट टपाली कळवलं. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर अर्ज फाडून टाकला.

दाजींना छळू नकोस. आईला गोड पापा. लोभ आहेच, जरा रागावून वाढव.
अँब्रोज

आईचं घर, ग्रेव्हझेंड
१४ सप्टेंबर १८७१

एनक यांस,

नवरा म्हणून नमस्कार लिहायला हात धजत नाही. वादळात ‘वॉर्डन’ शिडांच्या ओझ्याने कलंडली आणि चार मिनिटांत बुडाली. अठरा जण वाचले. त्यांत अँब्रोज नाही.

बोट ठरल्यापेक्षा दोन फूट खोल बसली होती. आरमाराचे साहेब तपासायला यायच्या आत तुम्ही रेघ वर रंगवलीत. हे मला तुमच्या हाताखालच्या रंगाऱ्याच्या बायकोने सांगितलं, तुम्ही नाही. मालकांचा हुकूम होता म्हणाल. असेल. पण माझ्या भावाला ते पत्र लिहायचा हुकूम कुणाचा होता?

रेघेचं आईपाशी मी अजून बोललेले नाही. ती रोज तुमची वाट बघते. म्हणते, बोट जावयाच्याच हातची, माझं पोर कशाने गेलं ते तोच नीट सांगेल. शनिवारी या आणि तिच्यासमोर बसून सांगा.

लोभाचं त्यानंतर बघू.
केझाया