एकोणतिसाव्या वर्षी काढलेली पिशवी

१२ जानेवारी

सून मोरीच्या पायरीवर घसरली. हात टेकला, तर मनगट मोडलं. पायरी ती केवढी— वीतभर. एवढ्यानं माझं मोडलं नसतं, अन् मी अडुसष्टची. शारदा एकोणचाळीसची.

१५ जानेवारी

साखरखेर्ड्याहून बुलढाण्याला, हाडांच्या डॉक्टरकडे. एसटीत दर खड्ड्याला तिनं ओठ चावला. हाडं किती भरीव, ते मशीनवर मोजलं. डॉक्टर म्हणाले, "सत्तरीच्या बाईची हाडं आहेत ही. पाळी कधी गेली?"

"पिशवीच काढली न साहेब. एकोणतिसाव्या वर्षी."

त्यांनी जुनी फाईल पाहिली. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं पण काढलेली. बाईच्या हाडांना जपणारं रसायन तिथूनच येतं म्हणे. आम्ही नुसतं पिशवी-पिशवी करत राहिलो— दळणाची पिशवी खुंटीवरून काढावी तसं. आत काय काय गेलं, कोणी विचारलं?

१६ जानेवारी

गोळ्या, कोवळं ऊन, चालणं, रोज दूध. भालचंद्र म्हणतो, "माय, तिले दूध आवडतच नाही." वीस वर्षांचा संसार, अन् माझ्या पोराला हे वाटते! अबे, तिच्यापुरतं पातेल्यात उरलं कधी?

२० जानेवारी

तेव्हा महिन्यातले वीस-वीस दिवस अंगावरून जायचं तिच्या. डॉक्टर म्हणाला, पिशवी काढा. ती भीत होती. मीच म्हटलं, "दोन लेकरं झाली, आता त्या पिशवीचं काय लोणचं घालाचं हाय?" ओट्यावरच्या बाया हसल्या. तीही हसली. हसत हसतच गेली दवाखान्यात.

गावच्या बाया मला औषधपाणी विचारतात. शहाणी म्हणतात. मातीत गेलं ते शहाणपण.

२३ जानेवारी

अंगणात उन्हाला खुर्ची टाकून दिली, दुधाचा पेला हातात दिला. म्हणते, "आई, मीच हो म्हटलं होतं न. तुमचा काय दोष?" मोडक्या हातानं तीच मला समजावते.

२५ जानेवारी

शारदानं सहजच विचारलं, "श्रद्धाताईलेबी त्याच वर्षी असंच होतं न? त्यांचीबी काढा म्हणे डॉक्टर. मंग काऊन नाही काढली?"

श्रद्धा माझी लेक. तिला मी अकोल्याला नेलं होतं, दुसऱ्या डॉक्टरकडे. गोळ्यांनी थांबलं.

"तिचं निराळं होतं," म्हटलं.

निराळं काही नव्हतं. ती लेक होती.